शरदिनीवहिनींचा बंदोबस्त

आमच्या शरदिनीवहिनी चोरांना घाबरत नाहीत, हे अर्ध्या काशीला मी सांगितलं. उरलेल्या अर्ध्या काशीला चोरांनीच सांगितलं.

वहिनी म्हणजे माझे थोरले बंधू रत्नाकरदादा यांच्या पत्नी. दादा रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यांनी गंगेच्या पलीकडे, रामनगरच्याही पुढे, आवळ्याची एक बाग घेतली. बागेत दोन खोल्या, एक ओसरी, मागे लंगड्या आंब्याची चार झाडं. आम्ही सगळे मंगला गौरीच्या गल्लीत वाढलेलो. आमच्या गल्लीत चोरी होत नाही, कारण होऊच शकत नाही. एकदा एक चोर गाठोडं घेऊन निघाला तर समोरून सांड आला. गल्ली अशी अरुंद की चोराला वळता येईना आणि सांडाला वळायचंच नव्हतं. शेवटी चोरानं गाठोडं होतं तिथे नेऊन ठेवलं, सांडाला वाट दिली, आणि घरमालकाला उठवून चहा मागितला. अशा गल्लीतून उठून मोकळ्या रानात राहायला जायचं म्हणजे आम्हाला दादांचं डोकं फिरल्यासारखं वाटलं होतं. पण वहिनी आनंदानं गेल्या. दादा वारल्यावरही तिथेच राहिल्या. एकट्या.

वहिनी मुलींच्या शाळेत व्यायाम शिकवायच्या. शाळेच्या गच्चीवरून त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की मुन्शी घाटावर नाववाले वल्ही उचलून धरत. हे मी स्वतः पाहिलंय, आणि ज्यांना खोटं वाटतं त्यांना नाव चालवता येत नाही, एवढंच मी म्हणतो.

मग बागेच्या जवळून मोठा रस्ता गेला आणि जमिनीला पंख फुटले. एक प्लॉटिंगवाला मागे लागला. आधी फोनवर गोड बोलला, मग तिखट बोलला, मग एका सकाळी कुंपणाचे खांब उपटलेले सापडले. हे ऐकून माझा मुलगा विश्वेश लखनऊहून खवळला. तो तिथे बँकेत आहे. पोटचा माझा, पण वाढवला वहिनींनी. माझी बायको लतिका सदाची आजारी, त्यामुळे त्याचा पहिला घास, पहिली अंघोळ, पहिला मार, सगळं काकूच्या हातचं. वहिनींनी जन्मात त्याला एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नाही. मला दिवसातून अनेकदा म्हणतात.

विश्वेशनं बागेला कॅमेरे लावले. त्या कॅमेऱ्यांना डोळे होते आणि तोंडही होतं. कुणी भिंतीवरून डोकावलं की भोंगा वाजायचा, आणि वर एक जाड आवाज म्हणायचा, “सावधान! आप निगरानी में हैं!” फाटक आतून उघडलं तरच तो गप्प. पहिल्याच संध्याकाळी नीलगायींचा कळप आला. कॅमेरा ओरडला. नीलगायी पाला खातखात ऐकत राहिल्या. मग वहिनी खिडकीतून ओरडल्या, तेव्हा कळप रांगेनं परत गेला. बुटक्या पुढे, उंच मागे.

विश्वेशनं मिरचीचा फवाराही पाठवला होता. वहिनींनी बोटावर घेऊन चाखला आणि म्हणाल्या, “मिरची जुनी आहे.”

पण खांब दुसऱ्यांदा उपटले गेले तेव्हा विश्वेशचा धीर सुटला. तो फोनवर म्हणाला, “काकू, आता पुरे. पितृपक्ष झाला की मी गाडी घेऊन येतो. तू लखनऊला चल. सहाव्या मजल्यावर घर आहे, खाली चौकीदार आहे. बाग विकून टाकू.”

वहिनींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, “बरं बाळा. पण यंदा ह्यांचं श्राद्ध बागेत होऊ दे.”

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “वहिनी, तुम्हाला जायचं नसेल तर सांगा ना त्याला.”

“त्याला झोप लागत नाही हो भाऊजी माझ्या काळजीनं. कसं सांगू?”

आणि त्या आवळ्याच्या आळ्यातलं गवत काढत बसल्या. दादांनी लावलेलं झाड होतं ते. त्या गवत काढत होत्या की नुसत्या मुळांवरून हात फिरवत होत्या, हे मला काही ओळखता आलं नाही.

श्राद्धाचा दिवस आला. करणारा मी, धाकटा भाऊ म्हणून. आमचे गुरुजी सुमंतशास्त्री. पितृपक्षात काशीत गुरुजींना पाय टेकायला जागा नसते. त्या दिवशी ते अमृतराव घाटावर दुसऱ्या यजमानांकडे अडकले. त्यांचा फोन आला, “बिंदुमाधवराव, मी मंत्र फोनवरून सांगतो, तुम्ही तिथे करत चला. जेवायला दोघांना पाठवलंय. पाठशाळेतली नवी मुलं, आंध्राकडची. मराठी येत नाही, हिंदी बेताची. फार लाजरी आहेत. नको नको म्हणतील, तुम्ही ऐकू नका. हाताला धरून बसवा.”

हे शेवटचं वाक्य वहिनींनी ऐकलं. पुढचं सगळं त्या वाक्यानं घडवलं.

थोड्या वेळानं फाटकाशी फटफटी थांबली. दोघे उतरले. एक दारासारखा रुंद, दुसरा कडीसारखा काटकुळा. वहिनी वडे तळायचे सोडून धावत गेल्या आणि त्यांनी फाटक सताड उघडलं. कॅमेरा गप्प.

“माताजी,” रुंद माणूस घसा खाकरून म्हणाला, “हम लोग आखिरी बार समझाने आए हैं.”

“समझाओ, समझाओ, सब समझाओ. लेकिन पहले नहाओ! कितना देर कर दिया!”

“नहाएँ?”

“हाँ तो! ऐसे ही बैठोगे क्या पाट पर? जूते उधर. बेल्ट चमड़े का है? वो भी उधर. नळ मागे है.”

काटकुळा हळूच म्हणाला, “लल्लन भइया, चलो इहाँ से.”

पण लल्लनची नजर ओसरीवर गेली होती. तिथे मी सोवळं नेसून, बोटात दर्भ घालून बसलेलो, आणि समोर तांब्याला टेकवून ठेवलेला फोन खणखणीत मंत्र म्हणत होता. लल्लननं काय विचार केला ते त्यानंच मला पुढे सांगितलं. तो काटकुळ्याला म्हणाला होता, “झुन्नू, पितरों का काम चल रहा है. बीच में बोले तो पाप लगेगा. निपट जाने दो, फिर धमकाएँगे.”

शिवाय वड्यांचा वास फाटकापर्यंत आला होता. तेही त्यानं मागाहून कबूल केलं.

दोघांनी नळाखाली अंघोळ केली. वहिनींनी दादांचे पीतांबर काढून दिले. झुन्नूला एक पीतांबर दोनदा गुंडाळला तरी उरला. लल्लनला दोन जोडले तेव्हा कुठे गाठ बसली. ते नेसत होते तोवर वहिनींनी त्यांच्या पँटी आणि शर्ट साबणाच्या पाण्यात बुडवले. “लांबून आलीत मुलं, धूळ बघा केवढी. जेवून होईपर्यंत वाळतील.” आणि खिसे चाचपताना त्यांच्या हाताला काहीतरी लागलं.

त्या माझ्याकडे आल्या. “भाऊजी, बघा हो, किती व्यवस्थित मुलं आहेत. सुरीसुद्धा घरून घेऊन आलीत.”

मी पाहिलं. रामपुरी चाकू होता. वहिनींनी कळ दाबली, खटकन पातं बाहेर आलं, आणि मला गुरुजींनी सांगितलेलं आठवणीतून साफ गेलं.

“वहिनी,” मी दबक्या आवाजात म्हटलं, “ही ब्राह्मणांची सुरी नव्हे.”

“असू दे की. काकडीला कुठे विचारायचंय? आपली कधीची बोथट झालीय.”

“वहिनी, अहो ही माणसं...”

“तुम्ही मधे बोलू नका. गुरुजी काय सांगताहेत तिकडे लक्ष द्या.”

त्या आत गेल्या. मी घामानं निथळत पाट मांडले, दोघांचे पाय धुतले. लल्लनचा पाय परातीत मावत नव्हता. मला वाटत होतं, हा आता लाथ मारेल. त्यानं पाय आक्रसून घेतला आणि म्हणाला, “बाबूजी, आप काहे छू रहे हैं, उमर में बड़े हैं.” फोनमधून गुरुजी म्हणाले, “लाजतील, ऐकू नका.” मी ऐकलं नाही. धुतले.

दोघे पाटावर बसले. काही करायची हीच वेळ, असं बहुधा झुन्नूच्या मनात आलं असावं, कारण त्यानं लल्लनला कोपर मारलं. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. एका हातात उघडा रामपुरी, दुसऱ्या हातात सोललेली काकडी. सरळ झुन्नूसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि चाकू रोखून म्हणाल्या, “मिर्ची चलेगी ना?”

झुन्नू पाटावर जेवढा मागे सरकता येईल तेवढा सरकला. “चलेगी माताजी. सब चलेगा.”

मग जेवण सुरू झालं. खीर, वडे, आमटी, कढी, अळूची भाजी, लाल भोपळा, गवार, लाडू. गुरुजींनी बजावलेलंच होतं, आणि वहिनींना आग्रह करायला निमित्त लागत नाही. लल्लननं पानावर आडवा हात धरला तर वहिनींनी हाताच्या पलीकडून वाढलं. झुन्नू पानावर ओणवा झाला तर त्याच्या हनुवटीखालून लाडू सरकवला. वडे किती संपले ते मी सांगणार नाही. पितरांच्या पानावरचं मोजू नये. एवढंच सांगतो, की कढई खाली उतरली तेव्हा तिनं सुस्कारा सोडला.

पण खीर वाढली तेव्हा लल्लनचा हात थांबला. फोनमधून गुरुजी पितरांची नावं घेत होते. बाप, आजा, पणजा. लल्लन मान खाली घालून ऐकत राहिला. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब खिरीत पडला. मला वाटलं मिरची लागली.

आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

“सावधान! आप निगरानी में हैं!”

मागच्या भिंतीवर दोन पोरगेलेसे चेहरे दिसत होते. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर भस्म, डोळे भेदरलेले. रिक्षावाल्यानं त्यांना भलत्याच गावाला सोडलं होतं आणि ते धानाच्या खाचरांतून चालत आले होते. गुरुजींनी पाठवलेले, खरे जेवणारे ते हे. लखनऊहून विश्वेशनं आपल्या मोबाइलवर नेमकं हेच पाहिलं. त्यानं आधी पोलिसांना फोन लावला, मग मला. गुरुजींचा मंत्र तुटला आणि विश्वेशचा आवाज आला.

“बाबा, चोर शिरताहेत! मागच्या भिंतीवरून! काकूला खोलीत घेऊन कडी लावा!”

मी त्याला काय सांगणार? चोर तर जेवत होते.

पोलीस मात्र लवकर आले. जवळच कुठेतरी नाका होता. शिपायांनी त्या दोन पोरांना भिंतीवरून उतरवलं आणि दरडावलं. पोरांना घाबरून होती तेवढी हिंदीही आठवेना. ती संस्कृतात बोलू लागली. दरोगासाहेब म्हणाले, “कोड में बात कर रहे हैं. पकड़ के रखो.” आणि ते ओसरीवर आले. समोर पीतांबर नेसलेली, कपाळी गंध लावलेली दोन माणसं पानावर बसलेली. दरोगासाहेबांनी टोपी काढली, “महाराज, प्रणाम” म्हणत लल्लनच्या पायाशी वाकले, आणि आशीर्वादासाठी वर पाहिलं.

“लल्लन?”

लल्लनच्या तोंडात लाडू होता.

“उठ! उठ साले!”

“सावधान!” वहिनी गरजल्या.

सगळे ताठ झाले. दरोगासाहेब, शिपाई, चिखलातली दोन पोरं, पाटावरचा झुन्नू. कॅमेऱ्याचा भोंगासुद्धा त्याच क्षणी बंद झाला. विश्वेशनं लखनऊहून बटण दाबलं असेल, तो त्याचा प्रश्न.

“मेरे घर में पंगत से किसी को उठाते नहीं,” वहिनी म्हणाल्या.

“माताजी, आप जानती नहीं हैं. ये गुंडा है. उस प्लॉटिंगवाले का आदमी. आपको धमकाने आया है.”

वहिनी लल्लनकडे वळल्या. आत्ता कुठे त्यांनी त्याला नीट पाहिलं असावं.

“धमकाने आए थे?”

लल्लननं मान हलवली. हो.

“तो अब तक धमकाया क्यों नहीं?”

“माताजी,” लल्लननं लाडू कसाबसा गिळला, “मौका ही नहीं मिला.”

एक शिपाई हसला. पण फोनवर विश्वेश हे सगळं ऐकत होता, आणि तो हसला नाही.

“काकू,” तो म्हणाला, “घरात शिरले ते. तुझ्या ओसरीवर बसलेत. आता मी तुझं एक अक्षर ऐकणार नाही. उद्या सकाळी गाडी घेऊन निघतोय.”

सकाळपासून वहिनी पहिल्यांदाच खाली बसल्या. हातातली पळी मांडीवर ठेवली. त्यांना राग आला नव्हता. बाजी मारलेल्या माणसाला हरल्याचं सांगावं तशा दिसत होत्या.

“ये बाळा,” त्या म्हणाल्या. “पण ह्यांचं तेवढं पुरं होऊ दे.”

आणि उठून त्या पोरांना अंघोळीला पाठवलं, आणखी दोन पाट मांडले, दरोगासाहेबांना खाटेवर बसवून वडे दिले. दरोगासाहेब नको म्हणाले. वहिनींनी ऐकलं नाही.

पानं झाल्यावर मी पिंड द्यायला बसलो. गुरुजी पुन्हा फोनवर आले होते. नावं संपली. मग ते म्हणाले, “आप्तांपैकी, स्नेह्यांपैकी आणखी कुणाचं नाव राहिलं असेल तर घ्या.”

लल्लन हात धुऊन कोपऱ्यात उभा होता. शिपायाचा हात त्याच्या खांद्यावर. तो म्हणाला, “बाबूजी... एक हमरे बाबू का भी पड़ जाता?”

शिपायानं त्याच्या खांद्यावरचा हात काढला.

“हम जेल में थे जब गए. घर में और कोई मरद नहीं था. किसी ने नहीं दिया.”

मी फोनकडे पाहिलं. सुमंतशास्त्री म्हणजे श्राद्धाचा एकेक नियम शब्दशः पाळणारे गृहस्थ. पलीकडे घाटावरची घंटा वाजताना ऐकू येत होती. मग ते म्हणाले, “नाव विचारा. गोत्र?”

“रामअवध. गोत्र नहीं मालूम.”

“माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं. बसवा त्याला.”

वहिनींनी माझं ताट सरकवून जागा केली आणि भाताचा गोळा त्याच्या हातावर ठेवला. लल्लनचे हात एवढे मोठे, की पिंड त्यात बोरासारखा दिसत होता. तीळ शिंपडताना सगळे एकदम सांडले. वहिनी त्याच्या शेजारी बसून एकेक वेचून देत होत्या आणि म्हणत होत्या, “धीरे, बेटा, धीरे. बाबू कहीं नहीं जा रहे.”

त्या क्षणी तो मोठा माणूस जो रडला, तो असा, की आवळ्यावरचे पोपट उडून रामनगरच्या किल्ल्यावर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत परतले नाहीत.

दरोगासाहेबांना त्याला घेऊन निघायचं होतं, पण कपडे ओले होते. पीतांबरात ठाण्यावर नेला तर लोक पाया पडतील. म्हणून सगळे कपडे वाळायची वाट पाहत बसले. त्या वेळात लल्लननं माझा फोन मागितला आणि प्लॉटिंगवाल्याला लावला.

“भइया, ऊ बगीचा भूल जाइए. नहीं, डराया नहीं. खाना खाया. सुनिए, उस जमीन पर हमरे बाबू का पिंड पड़ा है. उहाँ कोई प्लॉट काटेगा तो पहिले हमसे निपटेगा. और जो खंभा हमसे उखड़वाया था, कल हमहीं गाड़ेंगे.”

दरोगासाहेबांनी हे सगळं त्याला पुन्हा एकदा, नावासकट आणि जरा मोठ्यानं बोलायला लावलं. त्यानंतर त्या प्लॉटिंगवाल्याला ठाण्यावर जी बोलावणी आली, त्यात त्याचा बराच वेळ गेला. वहिनींना पुन्हा फोन करायला त्याला सवड झाली नाही. लल्लनलाही समज देऊन, सही-शिक्का करून रात्री सोडला.

दुसऱ्या दिवशी विश्वेश खरंच गाडी घेऊन आला. फाटक उघडं. तो धावतच आत शिरला. बागेत लल्लन घामाघूम होऊन खांब गाडत होता, झुन्नू माती चेपत होता, आणि ओसरीवर वहिनींच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. लल्लनची आई. नवऱ्याचा पिंड कुठे पडला ते बघायला आली होती. जागा बघून झाली, डोळे पुसून झाले, आणि आता ती बसल्या जागेवरून मुलाला खांब वाकडा असल्याबद्दल शिव्या देत होती.

विश्वेशला पाहून तिनं वहिनींना विचारलं, “ई के हौ?”

“मेरा बेटा. मुझे ले जाने आया है. लखनऊ, छठवीं मंजिल पर.”

म्हातारीनं विश्वेशला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “ले जाए आयल हौ? त हम इहाँ केकरे लग्गे बइठब?”

मग आपण इथे कुणाजवळ बसायचं, हा तिचा सवाल विश्वेशला होता. त्यानं लल्लनकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं, मग काकूकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की तिच्याकडे असाच बघायचा.

“काकू,” तो म्हणाला, “तुला यायचंय का?”

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही, मी त्यांना नुसता सल्ला दिला होता.

वहिनींनी पदराला हात पुसले. मग पुन्हा पुसले. “नाही रे बाळा,” त्या म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकल्यासारख्या झाल्या.

विश्वेश पायरीवर बसला. बूट काढले. “बरं,” म्हणाला. एवढंच. पण मी त्याचा बाप. त्याचे खांदे किती दिवसांनी खाली आले ते मला दिसलं.

म्हातारीनं हात धरून त्याला वर ओढलं, आपल्याजवळ बसवलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मनापासून काळजीनं विचारलं, “भइया, छठवीं मंजिल पे भँइस कहाँ बान्हत हउआ?”